पाळीच्या दिवशी घरी नसावं

या आठवणीत मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. माझं नाही, डॉक्टरांचं नाही, बायकोचं तर नाहीच. पाळीचा ताप, म्हणजे ठरल्या दिवशी फिरून येणारा हिवताप, नाव ऐकून घर शोधतो, असं जव्हारच्या डोंगरातली माणसं मानत. मी मानत नव्हतो. मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. हिवतापाचे जंतू मी माझ्या डोळ्यांनी दुर्बिणीखाली पाहिले होते. ते डासाच्या सोंडेतून रक्तात येतात, हाका ऐकून येत नाहीत, हे मी जन्मभर लोकांना तावातावाने सांगत आलो आहे. तरीही नाव लिहिणार नाही. ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावं. या गोष्टीवर मीही पोट धरून हसलो होतो, आणि त्याच वर्षी माझी बायको तापाने मरायला टेकली होती.

तेव्हा तिथे संस्थानी राज्य होतं. दरबाराने साखरशेत गावाच्या पलीकडे एक लहानसा दवाखाना काढला होता. कौलारू तीन खोल्या, पुढे ओटी, मागे आमचं बिऱ्हाड. आता तो दवाखाना नाही. मी तिथे आलो तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी फार शहाणा होतो. बायको माझ्याहून शहाणी होती, पण ते कळायला मला पुढे बराच वेळ लागला.

डॉक्टर मुंबईला शिकलेले, अंगाने किडकिडीत, तिशीतले, एकटे राहणारे. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पुढे पाहिला नाही, आणि इतक्या सरळ माणसाबरोबर नोकरी करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. त्यांनी स्वतःबरोबर एक पितळी दुर्बीण आणली होती. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून तिच्याखाली धरला की तांबड्या पेशींच्या पोटात बसलेले तापाचे जंतू दिसत. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला आनंद झाला. चोर सापडल्यावर होतो तसा. बायकोला बोलावून दाखवले. तिने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, हे एवढेसे, आणि माणूस एवढा हलतो?

तापावर औषध एकच, कोयनेल. ते यायचं मुंबईहून, शेवटचे कोस बैलगाडीतून, आणि मोजकंच. माझ्या आधीचा कंपाउंडर मागेल त्याला मूठभर देत असे. बायका ते पाण्यात कालवून छातीला लावत, म्हणजे कडू लागून पोर अंगावरचं दूध सोडी. औषध म्हणून ते कोणी पोटात घेतल्याची नोंद नाही. हे कळल्यावर डॉक्टरांनी नियम केला आणि त्यावर दिवाणांची सही आणली. आधी रक्त, मग कोयनेल. काचपट्टीत जंतू दिसले तरच औषध, आणि ज्याच्या नावाची काचपट्टी त्यालाच. कोयनेलचं कपाट कुलूपबंद झालं आणि त्याची किल्ली डॉक्टरांनी आपल्या जानव्याला बांधली. ती अंघोळीलाही उतरत नसे.

जंतू सापडायचे तर रक्त भरल्या तापात घ्यायला हवं, म्हणजे पाळीच्या दिवशी. तिथला ताप बहुधा एकांतरा, एक दिवस येणारा आणि एक दिवस खाडा करणारा. दुपारी थंडी, मग ताप, संध्याकाळी घाम. मधल्या दिवशी माणूस उठून शेतात जाई. तेव्हा मी एका पाड्यावर जाऊन एकाच दिवशी पाळी येणाऱ्या सात आजारी माणसांची नावं लिहून आणली. तीन दिवसांनी काचपट्ट्यांची पेटी घेऊन पुन्हा गेलो. पाड्याच्या मधल्या अंगणात उभा राहिलो, वही उघडली आणि खणखणीत आवाजात सातही नावं वाचली.

कुडाच्या भिंतींमागे जी पळापळ झाली ती अजून आठवते. बायका ओठांवर हात ठेवून धावत आल्या. एका म्हातारीने माझी वहीच मिटली. तिथली माणसं दिवाणालाही तू म्हणत, मग माझी काय कथा.

"हळू बोल, दादा," ती म्हणाली. "आज त्याची पाळी हाय. नाव घेतला का तो आयकंल."

कोण ऐकेल, तर ताप. मग तिने मला, मंदबुद्धीच्या जावयाला सांगावं तसं, सगळं नीट समजावलं. ताप आपल्या दिवशी येतो, घर पाहतो, नाव विचारतो. म्हणून पाळीच्या दिवशी घरी नसावं. आजारी माणसाने दुसऱ्याच्या घरी जाऊन बसावं, त्या दिवसापुरतं त्या घरधन्याचं नाव घ्यावं, आणि घरधन्याने आजाऱ्याच्या अंथरुणात येऊन पडावं. ताप येतो, अंथरुणात भलताच माणूस बघतो, गोंधळतो, परत जातो. नाव घेतलं की त्या नावाबरोबरचं सगळंच घ्यायचं. त्या दिवशी घरधन्याची गुरं त्याची, चूल त्याची, मानही त्याचा. बोहाड्याच्या नाचात देवाचा मुखवटा घातलेल्याला आपण पाया पडतो ना, तसंच. तो घरचा कोण, हे तेव्हा कोणी काढत नाही.

मी हसलो. मग घरोघर फिरलो. सात अंथरुणांवर सात धडधाकट माणसं घोंगड्या पांघरून पडली होती. कुडकुडणारी सात माणसं भलत्याच सात घरांत होती. म्हातारीची सून, जिचं तान्हं मांडीवर होतं, ती शेजारच्या साठीतल्या म्हाताऱ्याच्या चुलीशी दात वाजवत बसली होती. नाव विचारलं तर तिने त्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. बापाचं नाव विचारलं तर म्हाताऱ्याच्या बापाचं सांगितलं. खरं नाव सांग म्हटलं तर रडायला लागली. काय करणार, रक्त घेतलं आणि सांगितलं ते लिहिलं. पुरुष, वय साठ. शेवटच्या रकान्यात रोग्याची स्थिती लिहायची असे. मला खोटं लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून तिथे लिहिलं, अंगावर पाजतो.

डॉक्टरांनी ती ओळ तीनदा वाचली. माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले की जंतू तर स्पष्ट आहेत, काचपट्टी ज्याच्या नावाची आहे त्यालाच कोयनेल मिळेल, नियमात दुसरी सोय नाही. मी पुड्या घेऊन परत गेलो. साठीतल्या त्या म्हाताऱ्याने तक्रार न करता पहिली पुडी घेतली. आपल्या नावाने आलेलं कडू दुसऱ्याला देणं त्याला बरोबर वाटेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानात भुंगे घोंगावू लागले आणि बोललेलं ऐकू येईना. तेव्हा सुनेच्या सासूने, म्हणजे माझी वही मिटणाऱ्या म्हातारीने, निवाडा केला. नाव त्याचं, ताप तिचा, म्हणून पुड्या अर्ध्या अर्ध्या. मी गुपचूप आणखी चार पुड्या सुनेला दिल्या, ज्या मी माझ्या जुन्या तापातली काचपट्टी पुन्हा दाखवून मिळवल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा नियम मोडला आणि चार दिवस डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सून बरी झाली. म्हातारीने ते लक्षात ठेवलं.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला नकला करून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, डास चावल्याशिवाय ताप येत नाही म्हणता, मग डासाला तरी कोणाला चावायचं हे कोण सांगतं? मी तिला डासाला अक्कल नसते असं सांगितलं. ती म्हणाली, मग त्याला फसवणं सोपंच की.

त्या वर्षी पाऊस आषाढात बसला तो भाद्रपद संपेतो उठलाच नाही. जव्हारच्या पठारावर ढग घरात शिरतात. चपलांना बुरशी येते, पोथीला येते, मिठाचं पाणी होतं. आमच्या दुर्बिणीच्या भिंगालाही बुरशी आली, आणि ती आतून आली. डॉक्टरांनी पुसली, उन्हात ठेवायची म्हणाले, पण ऊन कुठून आणणार? दुर्बिणीत डोळा घातला की कातळावरच्या शेवाळासारखं हिरवट, धुरकट काहीतरी दिसे. काचपट्टीवर रक्त आहे की पेज, तेही कळेना.

जंतू दिसले नाहीत म्हणजे हिवताप नाही. एका महिन्यात आमच्या भागातला हिवताप वहीतून संपूर्ण नाहीसा झाला. माणसं ओटीवर कुडकुडत बसत, डॉक्टर त्यांचं रक्त घेत, तासभर दुर्बिणीशी झटत आणि प्रामाणिकपणे लिहीत, दिसले नाहीत. भिंग खराब आहे हे त्यांनी दरबाराला कळवलंच होतं. पण त्या पत्राच्या खाली महिन्याचे आकडेही होते. दरबाराने आकडे वाचले. उत्तरात नवं भिंग आलं नाही. हिवतापाचं निर्मूलन केल्याबद्दल डॉक्टरांचं अभिनंदन आलं. त्यांनी ते माझ्यापुढे वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज अपराध्यासारखा झाला होता.

आणि मग माझ्या बायकोला ताप आला.

पहिल्या पाळीला मी म्हटलं, भिजली असेल. दुसऱ्या पाळीला दुपारी, त्याच घटकेला, ती चुलीपुढून उठली आणि गोधडीत शिरली. अंगावर मी दोन घोंगड्या टाकल्या, वर माझा काळा कोट टाकला, तरी जमीन हादरत होती. तिसऱ्या पाळीला रक्त घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दिसत नाही."

मी म्हटलं, शेवाळ दिसतंय तुम्हाला. ते म्हणाले, हो, शेवाळ दिसतंय, जंतू दिसत नाहीत. मी म्हटलं, आडात आहे, पोहराच फुटका आहे. ते म्हणाले की ते त्यांना मान्य आहे, परंतु पोहरा फुटका असल्याने आडात पाणी आहे हे सिद्ध होत नाही. त्या दिवशी मी माणसाला मारलं असतं. त्याऐवजी बाहेर येऊन लाकडं फोडली. बिऱ्हाडात पावसाळाभर पुरतील इतकी.

पाचव्या पाळीला तिच्या डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे सुजलेली प्लीहा, हाताला लागू लागली. डोळे पिवळे झाले, भिंत धरल्याशिवाय उभं राहवेना. जव्हारला न्यावं तर वाटेतल्या ओढ्याला पूर होता, गाडी जात नव्हती. डोली करावी तर ती म्हणाली, वाटेत भिजून मरण्यापेक्षा इथे कोरडी मरते. कोयनेल माझ्या बिऱ्हाडापासून तीस पावलांवर होतं. मधे एक कपाट, एक कुलूप आणि एका सज्जन माणसाचं जानवं. कुलूप फोडायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा कपाटापर्यंत गेलो आणि परत आलो. मला भीती वाटली, हे कबूल करतो. नोकरीची नाही. त्या माणसाच्या नजरेची. बायको मरणाला टेकलेली असताना कोणाच्या नजरेला भिणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून ठाऊक नाही.

याच सुमारास डॉक्टरांना ताप आला. त्याच पाळीचा, माझ्या बायकोच्या दिवशीच यायचा. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं, स्वतःची काचपट्टी रंगवली, स्वतः दुर्बिणीत पाहिलं आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं, दिसले नाहीत. मग तीन घोंगड्या घेऊन पडले. मला वाटलं, आता तरी कपाट उघडतील. उघडलं नाही. गरम चहा तेवढा मागितला. त्यांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस आम्हाला छळत नाही. त्याला नियम मोडता येतच नाही.

असे पंधरा दिवस गेले, आणि एका पाळीच्या आदल्या दिवशी ती म्हातारी आली. डोक्यावर पानांचं इरलं, पदराखाली सुनेने पाठवलेल्या चार काकड्या. तिने आधी माझ्या बायकोला पाहिलं, मग दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना पाहिलं. ओटीवर बसली, तंबाखू मळला.

"दोघांची पाळी एकच," ती म्हणाली. "उद्या कोणीच घरी रेव नका."

मी हसलो नाही. तिने हिशेब लावला. आजारी दोघं, धडधाकट दोघं, मी आणि ती. ती स्वतः माझ्या बायकोच्या अंथरुणात पडेल. बायको माझं नाव घेऊन दवाखान्यात माझ्या स्टुलावर बसेल. मी डॉक्टरांचं नाव घेऊन त्यांच्या खुर्चीत बसेन. आणि डॉक्टर म्हातारीचं नाव घेऊन रोग्यांच्या ओटीवर बसतील. हे सांगताना तिच्या मनात दुसरं काही होतं का, हे मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिचा चेहरा तंबाखू मळणाऱ्या बाईचा होता.

डॉक्टर ऐकणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण म्हातारीने त्यांना नियम सांगितले. कोणी कुठे बसायचं, कोणाचं नाव घ्यायचं, सूर्य कलेपर्यंत स्वतःचं नाव ओठांवर आणायचं नाही, आणि नावाबरोबरचं सगळं पाळायचं. डॉक्टर उशीवरून लक्ष देऊन ऐकत होते. पंधरा दिवस ते आपल्याच एका नियमाखाली दबून पडले होते. आता कोणीतरी त्यांना दुसरा नियम देत होतं. फाल्गुनात मोखाड्याला बोहाड्यात त्यांनी स्वतः रावणाच्या मुखवट्याला वाट सोडली होती. त्यांनी एकच शंका विचारली, ओटीवर बसायचं म्हणजे रांगेत का? म्हातारी म्हणाली, रांगेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी आमच्या बिऱ्हाडात शिरली आणि गोधडी डोक्यावरून घेऊन पडली. मी बायकोला धरून दवाखान्यात आणलं, तिला माझा काळा कोट घातला, स्टुलावर बसवलं. मी डॉक्टरांची टोपी घातली. ती मला कानांवर येत होती. डॉक्टर म्हातारीचं इरलं डोक्यावर घेऊन ओटीवर जायला निघाले, आणि दारात थांबले. सदऱ्याच्या गळ्यातून हात घालून त्यांनी जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"बाईमाणसाला जानवं नसतं," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन रांगेत बसले.

रांगेत त्यांच्यापुढे मानेला गळू झालेला एक गडी होता. त्याने शेजारी कुडकुडणाऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं, आत टोपी घातलेल्या माझ्याकडे पाहिलं, आज काय चाललंय ते त्याला लगेच कळलं. त्याने मला डॉक्टर म्हणून रामराम केला आणि गळू दाखवलं. मी ते तपासलं आणि पोटीस सांगितलं. मग हाक दिली, पुढची.

डॉक्टर आत आले. खाली बसले. खुर्चीत बसायचं नसतं हे त्यांच्या लक्षात होतं. मी वही उघडली आणि नाव विचारलं. त्यांनी दात वाजवत म्हातारीचं नाव सांगितलं. वय विचारलं. ते क्षणभर थांबले आणि पाड्यावरची माणसं सांगतात तसं म्हणाले, ठाऊक नाही. काय होतंय, विचारलं. पंधरा दिवस ज्या शब्दाला ते ओठांवर येऊ देत नव्हते तो शब्द त्यांच्या तोंडून निसटल्यासारखा आला. हिवताप, ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी बोट टोचलं, काचपट्टी केली, दुर्बिणीत पाहिलं. हिरवं शेवाळ, जसंच्या तसं.

"दिसले," मी म्हटलं.

डॉक्टरांनी झटक्यात मान वर केली. किती दिसले, कुठल्या अवस्थेतले, असं त्यांनी विचारलं. त्यांच्यातला डॉक्टर असा मधेच जागा झाला. मी म्हटलं, "बाई, तू गप्प बस." त्या माणसाला मी तू म्हटलं ते तेवढंच. ते गप्प बसले. पाड्यावरच्या बाईने डॉक्टरला दुर्बिणीतलं विचारायचं नसतं.

मी चिठ्ठी लिहिली. मग कंपाउंडरकडे वळलो. बायकोचा ताप तेव्हा चढायला लागला होता. माझ्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, आणि कोट हलत होता. आता तिलाही नाव विचारायला हवं होतं. माझं नाव तिने लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही खाली मान घालून, सनईच्या आवाजात. मला ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर अहो, इकडून, ऐकलंत का. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला माहेरी शिकवलं होतं. तिला विचारायचा मला धीर होईना. तिनेच माझ्याकडे पाहिलं, विचारा म्हणून.

"नाव?" मी विचारलं.

तिने माझं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, थरथरत्या पण मोठ्या आवाजात, कौलांवर बसून कोणी ऐकत असेल तर त्याला नीट ऐकू जावं असं.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आपलं नाव इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी तिचंही बोट टोचलं, पुन्हा शेवाळात पाहिलं, पुन्हा दिसले म्हटलं, आणि वहीत माझ्याच नावापुढे हिवताप लिहिला. किल्लीने कपाट उघडलं. कोयनेल मात्र तिनेच तोललं, तिनेच पुड्या बांधल्या, कारण ते काम कंपाउंडरचं. अर्धं सांडलं. पहिली पुडी तिने डॉक्टरांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, म्हातारी घेई तशी. दुसरी स्वतः तोंडात टाकली आणि तोंड इतकं वाकडं केलं की महिन्याभराने मला ती पहिल्यांदा ओळखीची वाटली.

त्या दिवशी ताप दोघांनाही आलाच. कोयनेल काही इतक्या लगेच लागू पडत नाही. पुढच्या पाळीला नुसती शिरशिरी आली. त्याच्या पुढच्या पाळीला दुपार झाली, कलली, आणि माझी बायको अंगणात नागली पाखडत होती.

म्हातारीला विचारलं, काय झालं होतं अंथरुणात? ती म्हणाली, आला होता, ती घरी नाय म्हणून सांगितला, तर बसला थोडा वेळ आणि गेला. तुझं औषध काय करील, ती म्हणाली, तापाला मी परत लावला. मी वाद घातला नाही. बायकोला कोयनेलने बरं केलं हे मला ठाऊक आहे. ते कपाटातून बाहेर कोणी काढलं हेही ठाऊक आहे.

डॉक्टर बरे झाले, किल्ली पुन्हा जानव्याला गेली, आणि त्या दुपारविषयी ते कधी बोलले नाहीत. थंडीत नवं भिंग आलं. त्यांनी पावसाळ्यातल्या जुन्या काचपट्ट्यांची पेटी उघडली आणि एकेक पाहायला घेतली. दिवसभर पाहिल्या. संध्याकाळी मला हाक मारून एक लावून दाखवली. माझ्या बायकोची होती, तिसऱ्या पाळीची. जंतू वारुळातल्या मुंग्यांसारखे होते. ती काढून त्यांनी पेटीत परत ठेवली. मग त्यांनी दरबाराला कळवलं की आमच्या भागात हिवताप पुन्हा सुरू झाला आहे, आणि आम्हाला ताकीद आली.

बायको त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. आम्ही भांडलो, संसार केला, गाव सोडून शहरात आलो. माझं नाव तिने पुन्हा कधी घेतलं नाही. मीही म्हटलं नाही, पण दर पावसाळ्यात एखाद्या दुपारी मला ते पुन्हा ऐकावंसं वाटे.

गेल्या वर्षी ती छातीच्या दुखण्याने आजारी पडली. मोठ्या इस्पितळात नेलं. बायकांच्या खोलीत नर्सने वही उघडून तिला नाव विचारलं. तिने माझं सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. नर्स हसली, म्हणाली आजी, नवऱ्याचं नाही, तुमचं सांगा. तिने पुन्हा माझंच सांगितलं, आणि दाराशी मी उभा होतो तिकडे पाहिलं. घाबरून पाहिलं नाही. तू तुझं काम कर, असं पाहिलं.

मी कोणालाच काही न सांगता घरी आलो. तिच्या अंथरुणावर आडवा झालो, गोधडी डोक्यावरून घेतली. कोणी आलं तर ती घरी नाही असं सांगायचं होतं. उत्तर मी दोनदा म्हणून पाहिलं. दुपार झाली, दुपार कलली. इस्पितळातून ती गेल्याचा निरोप आला तोपर्यंत मी तसाच पडून होतो. मला कोणी विचारायलाच आलं नाही.